पासावरचा चेहरा

फाटकावरच्या माणसाने आधी पासाकडे बघायचं, मग आपल्या तोंडाकडे बघायचं, आणि ओळख पटली की मान हलवून आत सोडायचं, एवढाच तो विधी. पण कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी डिस्नेलँडच्या दाराशी आमच्या घराची जी वर्षं येजा करण्यात गेली त्यांची आठवण काढायला बसलं, की आतला गुलाबी किल्ला, मॅटरहॉर्नच्या उतारावरच्या किंकाळ्या, रात्रीची आतषबाजी या सगळ्यांच्या आधी मला त्या दोन नजरा आठवतात. वर्षभराचा पास म्हणजे क्रेडिट कार्डाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. पुढे रंगीत चित्र, मागे काळ्या रेघांचा बारकोड, नाव, मुदत संपण्याची तारीख, आणि बोटाच्या पेराएवढा, जरासा धुरकट फोटो. नवा असताना त्याच्या कडा बोटाला लागत, उन्हात गाडीत राहिला तर हाताला चटका बसण्याइतका तो तापे, आणि गळ्यातल्या दोरीच्या पारदर्शक खिशात घालून दिवसभर हिंडलं की घाम, सनस्क्रीन आणि चुरोवरची दालचिनीची साखर यांचा मिळून एक गोडसर, चिकट वास त्याला लागे, जो ओल्या फडक्याने पुसला तरी पुरता जात नसे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस आम्ही डोंबिवलीहून निघून ॲनाहाइमच्या शेजारच्या फुलर्टनमध्ये राहायला आलो, तेव्हा घर लहान होतं, नोकरी नवी होती आणि गाडी बरीच जुनी होती, पण उन्हाळ्यात रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला खिडकीची तावदानं थरथरत आणि लांबून धडधड ऐकू येई. पहिल्या रात्री आम्ही दोघं दचकून गॅलरीत गेलो होतो; क्षितिजावरच्या झाडांच्या शेंड्यांमागे हिरवा-जांभळा उजेड फुटत होता आणि त्याचा आवाज मात्र सावकाश, उशिरा येऊन पोचत होता. पुढे त्या आवाजाची इतकी सवय झाली की बायको त्याच्यावर घड्याळ लावल्यासारखी दुधाला विरजण लावायची. पलीकडच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत, जन्म ॲनाहाइमचाच. 17 जुलै 1955 ला वॉल्ट डिस्ने यांनी हे उद्यान उघडलं त्याच्या आधी तिथे 160 एकरांवर संत्र्यांच्या आणि अक्रोडांच्या बागा होत्या, आणि संत्र्याच्या मोहराचा वास वसंतात शाळेच्या वर्गापर्यंत यायचा, असं त्या सांगत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी जुन्या तिकीटवह्यांतली उरलेली कुपनं जपून ठेवली होती. तेव्हा दाराचं तिकीट वेगळं आणि आतल्या प्रत्येक गोष्टीला कुपन वेगळं. 'ए' कुपनावर घोड्याच्या ट्राममध्ये बसायचं किंवा लाकडी घोड्यांच्या चक्रावर, आणि 1959 पासून निघालेलं 'ई' कुपन सगळ्यांत थरारक खेळांसाठी. 'ई' पहिल्या तासात संपत, 'ए' प्रत्येकाच्या घरी उरत. 1982 मध्ये ती वह्यांची पद्धत बंद झाली, एकदा आत गेलं की सगळं खुलं झालं, आणि त्याच दशकात वर्षाचा पास आला. त्या कुपनांच्या कागदाला हात लावला की खडबडीत, कोरडा स्पर्श व्हायचा आणि डब्यातून अजून लोण्याच्या बिस्किटांचा वास यायचा. कुपनांवर कुणाचाच चेहरा नव्हता. कुपन कुणाचंही असलं तरी घोडा त्याला पाठीवर घेत असे. वर्षाचा पास आला तेव्हा मात्र तो कुणाचा, हे विचारणं आलं, आणि त्या विचारण्यातून फोटो आला.

पास काढायचा तर आमच्या वेळी फोटोसाठी आत जावं लागे. मेन स्ट्रीटच्या टोकाला, किल्ल्यासमोरच्या चौकात प्लाझा पॅव्हिलियन नावाची जुन्या धाटणीची, पसरट छपराची इमारत होती; तिथे वर्षाच्या पासांचं काम चाले. काही काळ ते मेन स्ट्रीटच्या सुरुवातीला, जिथे 1955 पासून 1993 पर्यंत खरीखुरी बँक होती, त्या इमारतीतही चालत असे. रांग मोठी असे, पण त्या रांगेचा कुणाला कंटाळा आलेला मी पाहिला नाही. पुढ्यात घोड्याच्या टापांचा टकटक आवाज, डावीकडून मक्याच्या लाह्यांचा खमंग वास, मिठाईच्या दुकानातून व्हॅनिलाची झुळूक, आणि मागे कुठेतरी वाफेच्या गाडीची लांबलचक शिट्टी, जी ऐकली की मला हटकून कर्जतच्या घाटाची आठवण येई. आत गेल्यावर काउंटरवर एका दांड्यावर बसवलेला छोटासा कॅमेरा, त्याच्यामागे एक हसरी मुलगी, आणि तिचं ते सांगणं, की इकडे बघा आणि हसा.

आणि मी नकळत शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं.

हे बटण डोंबिवलीचं होतं. अठराव्या वर्षी कॉलेजसाठी मध्य रेल्वेचा पास काढायचा म्हणून ओळखपत्राला फोटो हवा झाला, आणि स्टेशनच्या पूर्वेला, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या एका अंधाऱ्या स्टुडिओत वडिलांनी मला नेलं. दारातच पारा उडालेला आरसा, त्याच्या खाली दोरीला बांधलेला कंगवा, आणि पावडरीचा एक गोल डबा ज्यातला पफ मुंबईच्या दमटपणाने घट्ट झालेला. आतल्या खोलीत फोटो धुवायच्या हायपोचा आंबट, नाकात चढणारा वास. फोटोग्राफरकाका स्टुलावर बसवून हनुवटीला दोन बोटं लावत, तोंड इतकंसं फिरवत, "श्वास घे, सोड, आता हलू नकोस" म्हणत. हस असं त्यांनी कधी म्हटलं नाही, कारण ओळखपत्रावरचा माणूस हसरा असतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन दिवसांनी तपकिरी पाकिटात फोटोच्या प्रती आणि निगेटिव्ह मिळे. त्या मुलाकडे आज बघताना माझा जीव त्याच्यावर जडतो: तेल लावून चापून बसवलेले केस, सडपातळ मान, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, नुकतं फुटलेलं मिसरूड, आणि डोळ्यांत एवढी गंभीर तयारी, की जणू पास कल्याण-व्हीटीच्या पलीकडे कुठवर नेणार आहे ते त्याला आधीच कळलं होतं.

स्टेशनावरच्या खिडकीत कारकून तो फोटो डिंकाने चिकटवायचा, आणि मग रबरी शिक्का असा मारायचा की अर्धा फोटोवर उमटेल आणि अर्धा कार्डावर, म्हणजे फोटो काढून दुसरा लावता येऊ नये. त्या शिक्क्याची जांभळी शाई माझ्या डाव्या खांद्यावर कायमची बसली होती. ओळखपत्राचा नंबर पासावर लिहिलेला असे आणि दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात समोरासमोर राहत. पावसाळ्यात आत बाष्प धरे, आणि जूनमध्ये माझ्या चेहऱ्यावर एक धुकं चढून ऑक्टोबरच्या उन्हात उतरे. दादरच्या पुलावर काळ्या कोटातला तिकीट तपासनीस हात आडवा करी, आपण पाकीट उघडून धरायचं, त्याने फोटोकडे बघायचं, मग आपल्याकडे, आणि "जा". लाखोंच्या त्या लोंढ्यात, जिथे दिवसभर कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, तिथे एक माणूस क्षणभर थांबून तू तोच ना, हे बघून घेई. मला त्या क्षणाची भीती कधी वाटली नाही. पास खरा होता, चेहरा माझा होता, आणि ते कुणीतरी पडताळून पाहिल्यावर पुलाच्या उरलेल्या पायऱ्या मी जरा ताठ उतरत असे.

म्हणून डिस्नेलँडच्या काउंटरवर बटण लागलं. मुलगी हसा म्हणाली, मी हसायला निघालो, आणि कॅमेऱ्याने मला डोंबिवली आणि ॲनाहाइमच्या मधोमध कुठेतरी टिपलं. यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि कार्ड बाहेर आलं ते ऊबदार होतं; त्या उबेसकट ते हातात घेऊन मी बायकोच्या कार्डाशेजारी धरलं, आणि परक्या देशात आम्हा दोघांचे चेहरे पहिल्यांदाच एकाच मापाचे, एकाच रांगेत बसलेले दिसले. सरकारी कागदांवरचे फोटो होतेच, पण ते दाखवताना पोटात गोळा यायचा. हा पास आम्हाला इथल्या एका आनंदाच्या जागी वर्षभर केव्हाही येण्याची मुभा देत होता, आणि त्याच्यावर आमची तोंडं होती. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या जोडप्याला त्याचं काय वाटलं असेल हे ज्यांनी असं घर बदललं आहे त्यांना सांगायला नको.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, त्यामुळे लेकीचा पहिला पास तिच्या तिसऱ्या वाढदिवसानंतरचा. काउंटर तिच्या डोक्याच्या वर. बायकोने तिला उचलून धरलं, आणि फोटोत तिच्या काखेखाली आईच्या दोन बांगड्या आल्या आहेत. पुढे नूतनीकरण केलं की बहुधा जुनाच फोटो छापून येई, नवा काढून घ्या असं आपण होऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे लेक पहिलीत गेली, दुधाचे दात पडले, केस कमरेपर्यंत आले, तरी पासावर ती आईच्या कडेवरच होती, आणि फाटकावरची माणसं कार्ड बघून तिच्याकडे बघत तेव्हा त्यांच्या नजरेला मधली वर्षं ओलांडून यावं लागे. काही जण कार्ड तिला दाखवून विचारत, ही कोण गं? ती छाती काढून सांगे, मीच. एकदा एका आजीबाईंनी, म्हणजे फाटकावर काम करणाऱ्याच होत्या, पांढरे केस, कोटावर नावाची पट्टी, तिचं नाव अक्षर अक्षर जोडत वाचलं, चुकीचं म्हटलं, लेकीने दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा थोडं चुकलं, आणि मागची रांग खोळंबली असतानाही त्यांनी ते नीट जमेपर्यंत सोडलं नाही.

आई आली ती 2005 च्या उन्हाळ्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरचं दुसरं वर्ष. सहा महिने राहायला म्हणून आली होती, बॅगेत मेतकूट, भाजणी, आणि लेकीसाठी खणाचं परकर-पोलकं. उद्यानाचं ते पन्नासावं वर्ष होतं, किल्ल्याच्या मनोऱ्यांवर सोनेरी मुकुट चढवले होते. "मला कशाला पास, मी बाहेर बाकावर बसेन, तुम्ही या हिंडून," असं तिचं चाललेलं. पण सहा महिन्यांत आम्ही इतके वेळा जाणार होतो की रोजच्या तिकिटापेक्षा पासच परवडत होता, आणि खर्च वाचतो हे कळल्यावर ती तयार झाली. फोटोच्या काउंटरवर तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, टिकली चाचपली, आणि मला विचारलं, "चष्मा काढू का रे?" मी म्हटलं, "असू दे." त्याच क्षणी कॅमेरा वाजला. त्यामुळे त्या फोटोत आई समोर बघत नाही. जरा डावीकडे, मी उभा होतो तिकडे बघते आहे, ओठ किंचित उघडे, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणारी. घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या अल्बमांत तिचे पुष्कळ फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत ती फोटोसाठी उभी आहे. या एकात ती नुसती आई आहे.

फाटकाशी आलं की ती थांबे, पदर सारखा करी, आणि बघणाऱ्याने नीट बघून घ्यावं म्हणून स्थिर उभी राही; घाईने पुढे जाणं तिला अपमानाचं वाटे, त्या माणसाच्या कामाचा अपमान. दुपारी आम्ही बाहेर पडून गाडीपाशी डबा खायचो, धपाटे, दही, लोणच्याची फोड, आणि परत आत यायचं म्हणून निघताना हाताच्या मागे शिक्का मारून घ्यायचो. तो शिक्का उघड्या डोळ्यांना दिसत नसे, जांभळ्या दिव्याखाली धरला की चमके. आई डावा हात पुढे करायची, कारण उजव्या हाताने जेवायचं आणि मग तो धुवायचा. पाण्याने तो जात नाही असं किती सांगितलं तरी डाव्या हाताला तिने पाणी लागू दिलं नाही. दिव्याखाली हात धरला, कातडीच्या सुरकुत्यांमधून ते चित्र हिरवट उजळलं, की तिच्या तोंडावर जे येई ते आतल्या कुठल्याही चमत्काराने आलेलं मी पाहिलं नाही. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या नावेत मात्र ती ताजमहालाजवळच्या बाहुल्या येईपर्यंत मान उंचावून बसायची आणि आल्या की लेकीला कोपराने खुणवायची, "बघ, आपल्या आल्या."

बदल हळूहळू आला, आणि त्याची कारणं मला पटतात. पेराएवढ्या, धुरकट फोटोवरून रोज हजारोंच्या गर्दीत ओळख पटवणं अवघड होतंच. पास मैत्रिणीला, चुलतभावाला वापरायला देणारे होते, आणि उद्यानाबाहेरच्या हार्बर बुलेवार्डवर अनेक दिवसांच्या तिकिटांतले उरलेले दिवस विकणाऱ्यांचा धंदा चालत असे. 2013 च्या सुमारास अनेक दिवसांच्या तिकिटांवर येणाऱ्यांचेही दारातच फोटो घेणं सुरू झालं, आणि ते फोटो कशावर छापले जात नव्हते. ते यंत्रात राहत, दुसऱ्या दिवशी बारकोड वाचला की फाटकावरच्या माणसाच्या हातातल्या पडद्यावर उमटत. 2015 च्या जुलैत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डिस्नेलँडच्या शेजारी, ॲनाहाइमच्या कन्व्हेन्शन सेंटरात भरलं, तेव्हा उद्यानाचं साठावं वर्ष चालू होतं. ढोलताशांचा आवाज कानांत घेऊन पैठण्यांतल्या बायका, झब्ब्यांतले पुरुष, देशातून आलेले आजी-आजोबा टोळ्याटोळ्यांनी त्या दाराशी आले, आणि दारावरची मुलं-मुली एकेकाचा फोटो घेत होती; नथी, फेटे, चंद्रकोरी एकामागून एक त्या छोट्या यंत्रात चालल्या होत्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी फोटो झाल्यावर हात पुढे केला, प्रत मिळेल म्हणून. मुलीने हसून त्यांना आत जायची वाट दाखवली. काकू हात तसाच धरून दोन पावलं गेल्या.

कार्डावरचे फोटोही असेच एका टप्प्यावर गेले. नवं कार्ड आलं ते गुळगुळीत होतं, मागे नाव आणि बारकोड. चेहरा पडद्यावर, त्यांच्याकडे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर त्याआधी कित्येक वर्षं बोट टेकवून ओळख पटवत होते, आणि 2013 पासून तिथे मनगटाला पट्टा आला. एकेक पाऊल समजण्यासारखं होतं. कार्ड हरवलं तर भीती नाही, फोटो मोठा आणि स्पष्ट दिसतो, रांग लवकर सरते. आमच्या त्या शेजारीणबाईंची बोटं संधिवाताने वाकल्यावर त्यांना गळ्यातल्या खिशातून कार्ड काढणं जमेना, तेव्हा या बदलाचा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला आणि त्यांच्यामुळे मलाही झाला.

मग 2020 चा मार्च. दारं बंद झाली ती वर्षाहून जास्त काळ. रात्री साडेनऊला तावदानं गप्प. बायको विरजण लावायची वेळ चुकवू लागली आणि दही कधी कोवळं, कधी आंबट होऊ लागलं. 2021 च्या जानेवारीत पासांची जुनी योजनाच संपल्याचं जाहीर झालं आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळाले. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी उद्यान उघडलं, ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाने नवे पास आले: दिवस आधी राखून ठेवायचा, पास बहुतेकांच्या फोनमध्ये, दाराशी फोन पुढे धरायचा. त्याच वसंतात फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये महिनाभर एक चाचणी झाली. इच्छा असेल त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, यंत्र चेहऱ्याचा एक आकडा करणार आणि पासाशी जुळवून पाहणार. माझा धाकटा भाऊ पुण्याच्या विमानतळावर आता असाच डिजियात्राच्या दारातून जातो, 2023 पासून तिथे ती सोय आहे. कागद नाही, खिडकी नाही, चेहरा दाखवला की फळी बाजूला होते. लोकलचा पासही तो मोबाइलवर काढतो. डोंबिवलीच्या स्टुडिओच्या जागी मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे आणि प्लाझा पॅव्हिलियनमध्ये 2012 पासून जॉली हॉलिडे नावाची बेकरी, जिथे माझा आणि बायकोचा फोटो निघाला त्या छपराखाली आता लोण्याचा आणि भाजलेल्या पावाचा फार सुरेख वास येतो. मी तिथे जाऊन कॉफी घेतो. जागा ओसाड पडण्यापेक्षा हे किती चांगलं.

पण एका गोष्टीसाठी माझा जीव तुटतो, आणि ती सांगायलाच मी हे लिहायला बसलो. फोटो आजही निघतात, पूर्वीपेक्षा जास्त निघतात. फक्त ते आपल्या हातात येत नाहीत. पासावरचा फोटो हा फाटकासाठी काढलेला होता हे खरं, पण तो घरी यायचा, पाकिटात राहायचा, मुदत संपली की कपाटात जायचा, आणि असं करता करता आमच्याकडे वर्षावर्षाची एक चित्रमाला जमली, जिच्यासाठी कुणी सजलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ती दुसरी नजर. फाटकावरचा माणूस आता पडद्याकडे बघतो, कधीकधी आपल्याकडेही बघतो. उद्या यंत्रच बघेल, आणि ते माणसापेक्षा कमी चुकेल. पण अक्षर अक्षर जोडून लेकीचं नाव म्हणणाऱ्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधावं लागत होतं. आईला तर डावीकडे बघणाऱ्या फोटोवरून ओळखायचं होतं, म्हणून एक वयस्कर गृहस्थ नेहमी मान वाकडी करून, तिच्या नजरेच्या रेषेत येऊन तिला बघत, आणि मग हात जोडून नमस्ते म्हणत. बघणाऱ्याला थोडे कष्ट पडत, म्हणून बघितलं जाणाऱ्याला आपण आहोत असं वाटे. या देशात पहिल्या वर्षांत मला त्याची फार गरज होती.

तेव्हा आता मी घरच्यांवर एक नियम घातला आहे. दरवर्षी पासाचं नूतनीकरण झालं की पहिल्या फेरीला, दारातून आत गेल्या गेल्या, फुलांनी काढलेल्या मिकीच्या चेहऱ्याच्या अलीकडे एका बाजूला उभं राहायचं आणि प्रत्येकाने प्रत्येकाचा एकेक फोटो काढायचा. तयार हो म्हणायचं नाही, हस म्हणायचं नाही. मग घराजवळच्या औषधांच्या दुकानातल्या यंत्रावर मी ते पासपोर्टच्या मापात छापून घेतो, कात्रीने कडा कापतो, मागे पेन्सिलीने वर्ष लिहितो, आणि आईचं कार्ड ज्या पाकिटात आहे त्यातच ठेवतो. लेक आता नोकरी करते, तिचा पास तिचा ती काढते आणि माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा काढते. तिला हे सगळं आवडतं, फक्त माझ्या फोटोंत सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात अशी तिची तक्रार आहे, आणि पुढच्या वेळी ती माझा फोन माझ्या हातातून काढून घेणार आहे. यंदाचे फोटो अजून व्हायचे आहेत. बायको म्हणते, जॅकरांडाची झाडं जांभळी झाली की जाऊ, उजेड चांगला असतो. लेक फोनमधलं कॅलेंडर दाखवून सांगते, आई, त्या आठवड्यात तुमच्या पासाला काही दिवस ब्लॉकआउट आहे, म्हणजे प्रवेश बंद, शनिवारी तर नाहीच नाही, मंगळवारी रजा काढते, चालेल का?